मुकी पाटी आणि बाबांची पेटी

माझ्या वडिलांची हार्मोनियम मी बिघडवली, आणि तीसुद्धा तिला बोट न लावता.

बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. वीस-बावीस वर्षं लोकांचे तराजू तपासून त्यांचा स्वभावच तसा झाला होता. समोरचा माणूस काटा मारतोय हे आधी धरून चालायचं, आणि मग तो कुठे मारतोय ते शोधायचं. आमच्या डोंबिवलीच्या घरात दूधवाला, वाणी, रद्दीवाला, इतकंच काय, माझे दोन्ही मामासुद्धा कायम चौकशीखाली असत. हा गुण माझ्यातही उतरलाय. फक्त बाबांचा संशय सगळ्या जगावर होता, माझा संगीतापुरता. (आणि थोडासा मामांवर.)

नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं. मी आणि माझा मित्र गुऱ्या, म्हणजे खाडीकाठच्या गावातला गुरुनाथ, आम्ही दोघं एका परदेशी बँडच्या पायी खुळावलेलो. बँडचं नाव सायलेंट अ‍ॅबॅकस. अ‍ॅबॅकस म्हणजे मणी सरकवून मोजायची पाटी, म्हणून बाबा त्याला 'मुकी पाटी' म्हणत. मुकी कुठली! कपाटातली भांडी थरथरायची! पण नुसता धांगडधिंगा नव्हता तो. एकेक गाणं दहा-दहा मिनिटांचं, मध्येच ताल बदलणार, सात मात्रा चालल्यात म्हणेपर्यंत तेरा सुरू! आम्ही बोटांवर मोजत बसायचो. गुऱ्या गिटार वाजवायचा, मी काहीच वाजवत नव्हतो. त्यामुळे कोण कसं वाजवतं यावर मत द्यायला मी अगदी मोकळा होतो.

ठाण्यात खोपटला प्रसन्न नावाचा आमच्यासारखाच एक भक्त राहायचा. त्याच्या आखातातल्या मामाने या बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाची कॅसेट पाठवलेली. ती मी दोन दिवसांच्या बोलीवर आणली, दुकानातून कॉपी करून घेतली आणि परत केली.

त्याच आठवड्यात आमचा टेपरेकॉर्डर रेंगाळायला लागलेला. गाणारा माणूस एकदम आजारी वाटायचा. मी म्हटलं, दुकानात कशाला? मी आहे ना! मागचं झाकण उघडलं. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक होतं, आत स्क्रू. तो थोडा पिळला, वेग वाढला. दुसऱ्या दिवशी कळलं की खरं दुखणं रबरी पट्ट्याचं आहे, सैल पडलाय. मग पट्टा नवा घातला. स्क्रूचं मी विसरलो. का विसरलो? कारण नव्या पट्ट्यावर पहिल्यांदाच ती लाइव्ह कॅसेट लावली आणि माझं भानच गेलं.

काय वाजवत होता तो गिटारवाला! गुऱ्या तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

"यो मानूस हाय का मशीन?" तो म्हणाला.

"साधना म्हणतात याला, साधना!" मी म्हटलं. "लाइव्हमध्ये समोर पब्लिक असतं ना, म्हणून हे लोक मुद्दाम वेग वाढवतात. आणि सूरही चढवतात. नीट ऐक, जवळजवळ दीड सूर वर आहे."

हे मी इतक्या खात्रीने सांगितलं की मलाही ते पटलं.

त्या दिवसापासून गुऱ्या ते सोलो वाजवायच्या मागे लागला. सूर जुळेना म्हणून तारा ताणल्या. तारा तुटायला लागल्या. बोटांना घट्टे पडले. "माजी बोटा मासली फारतान ती चांगली, यो काम नाय जमनार," असं म्हणत दर रविवारी मासळी फाडायला परत जायच्या गोष्टी करायचा आणि सोमवारी परत हजर.

एकदा ठाण्याला मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर प्रसन्न भेटला. मी शेवटच्या गाण्याबद्दल भरभरून बोलत होतो. "साडेदहा मिनिटांत काय काय कोंबलंय यार!"

"साडेअकरा," प्रसन्न म्हणाला.

"साडेदहा. घड्याळ लावून मोजलंय."

"मीही मोजलंय. साडेअकरा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला तत्क्षणी वास आला. याने मला भलतीच कॅसेट दिली आणि खरी स्वतःकडे ठेवली? की याला मिनिटभराचा जास्तीचा भाग मिळालाय आणि तो लपवतोय?

"तुझ्या कॅसेटमध्ये झोल आहे," मी म्हटलं.

"माझ्या? माझीवरूनच तर तुझी केली ना रे!"

"तेच तर म्हणतोय मी!"

(यात मी नक्की काय म्हणत होतो, ते मला आजही सांगता येणार नाही.) ठरलं असं, की येत्या रविवारी सकाळी आमच्या घरी दोन्ही कॅसेटी समोरासमोर वाजवायच्या.

दरम्यान घरात भलत्याच भानगडी सुरू झाल्या होत्या. आई सकाळी अभंगांची कॅसेट लावून स्वयंपाक करायची. पहिली बाजू संपली की डाळीखालचा गॅस बंद, हे तिचं घड्याळ. आता डाळ कच्ची राहायला लागली.

"वाण्याने जुनी डाळ दिली," बाबा ताटावरून उठत म्हणाले. संध्याकाळी ते वाण्याकडे गेले, आणि डाळीबरोबर त्याची सगळी वजनंही तपासून आले. वाण्याची वजनं चोख निघाली. त्यामुळे बाबांचा संशय आणखी बळावला.

मग पेटीची पाळी आली. बाबा रोज संध्याकाळी त्याच अभंगांबरोबर पेटी वाजवत. एक दिवस सूर जुळेना. पांढऱ्या पट्टीवर धरला तर गाणारा वर, काळीवर धरला तर खाली. बरोबर मधोमध! बाबा घामाघूम झाले.

"पेटी उतरली," त्यांनी निदान केलं, आणि ती मांडीवर घेऊन एसटीने कल्याणला पेटीवाल्याकडे गेले.

पेटीवाल्याने वाजवून पाहिली. "साहेब, पेटी ठणठणीत आहे."

"असं प्रत्येक दुकानदार म्हणतो," बाबा म्हणाले, आणि समोर बसून एकेक सूर घासून चढवून घेतला. घरी येऊन कॅसेट लावली. तंतोतंत! बाबा खूश.

गुरुवारी ते पेटी घेऊन भजनी मंडळात गेले आणि अर्ध्या तासात परत आले.

"काय झालं हो?" आईने विचारलं.

"मंडळातले लोक बेसूर झालेत."

"कोण?"

"सगळे. एकाच दिवशी. टाळसुद्धा बेसूर वाटत होते." बाबांनी चप्पल काढता काढता आवाज खाली आणला. "यामागे कुणीतरी आहे."

रविवारी प्रसन्न आला. बरोबर वॉकमन, दोन छोटे स्पीकर आणि कॅसेट. गुऱ्या गिटार घेऊन कोपऱ्यात बसला. आधी माझी कॅसेट आमच्या टेपवर, मग त्याची वॉकमनवर. फरक चक्क ऐकू येत होता. त्याची सावकाश, खालच्या सुरात.

"वॉकमनचे सेल उतरलेत तुझ्या!" मी ओरडलो.

प्रसन्न खाली जाऊन नवे सेल घेऊन आला. तरी तेच.

"मग वॉकमनच भंगार आहे."

"आणि तुझा टेप सोन्याचा?"

आवाज वाढला तसे बाबा आतून आले. भांडण काय आहे ते त्यांनी दोघांकडून स्वतंत्रपणे ऐकून घेतलं. (साक्षीदार एकत्र तपासायचे नसतात.) मग पेटी पुढे ओढली. "सूर खोटं बोलत नाही. ही नुकतीच प्रमाणित करून आणली आहे."

आमच्या टेपबरोबर वाजवलं, सूर चपखल बसला. प्रसन्नच्या वॉकमनबरोबर वाजवलं, कानात खडे!

"तुमच्या कॅसेटमध्ये खोट आहे," बाबांनी निकाल दिला.

प्रसन्नचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा बाबा आणि मी एकाच बाजूला उभे होतो. मी गुऱ्याला टाळी दिली. त्याने ती घेतली नाही, कारण तो काहीतरी विचार करत होता. ही त्याची वाईट सवय.

प्रसन्न हळूच म्हणाला, "काका, एक करू या? ज्याचा आवाज आपल्या सगळ्यांना पाठ आहे, असं काहीतरी दोन्हीकडे लावू या."

"आपल्या ताईच्या साखरपुड्याची कॅसेट आहे ना!" आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "यांनी अभंग म्हटलेला."

कॅसेट आमच्या टेपमध्ये गेली. खरखर झाली, आणि नववीतल्या पोराच्या आवाजात कुणीतरी घाईघाईने म्हणालं, "सर्वांना सप्रेम नमस्कार."

बाबांनी टेपला कान लावला.

"हा मी नाही," बाबा म्हणाले.

"अहो, तुम्हीच. 'सर्वांना'च्या आधी खाकरलात बघा."

"कुणीतरी माझी नक्कल केली आहे."

टेपवरच्या पोराने अभंग सुरू केला. त्याला कुठेतरी जायची घाई असावी. गुऱ्याने तोंड गिटारमागे लपवलं, पण त्याचे खांदे हलत होते. प्रसन्नने तीच कॅसेट वॉकमनमध्ये घातली. बाबांचा आवाज आला. जड, संथ, संशयी. अगदी बाबाच!

बाबा माझ्याकडे वळले. दुकानदार त्यांना का घाबरायचे, ते मला तेव्हा कळलं.

"या यंत्राची शेवटची दुरुस्ती कुणी केली?"

"दुरुस्ती अशी नाही बाबा. पट्टा बदललेला फक्त."

"आणखी?"

"एक स्क्रू होता..."

"किती फिरवलास?"

"थोडासाच."

"अर्धा फेरा!" गुऱ्या कोपऱ्यातून म्हणाला. "मी बगत व्हतो ना."

बाबांनी पेटीकडे पाहिलं, मग आईकडे. बहुधा वाण्याची डाळ आठवली असावी. चोवीस तास दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात दीड महिना खोटं माप चालू होतं, आणि त्यांनी त्यावरून एक पेटी, एक वाणी आणि अख्खं भजनी मंडळ दोषी ठरवलं होतं. मला खरंच वाईट वाटलं. मी "सॉरी" म्हटलं, तर म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर आण."

मी झाकण उघडून स्क्रू उलटा फिरवत गेलो, टेपवर बाबांचा अभंग चालू, आणि आई डोळे मिटून ऐकत होती. "अजून पोरगेलेच वाटतायत... अजून... आता कॉलेजातले... हां! थांब! हे आता तुम्ही."

मग लाइव्ह कॅसेट लावली. साडेअकरा मिनिटं. वेग कमी झाला म्हणून माझा गिटारवाला छोटा होईल अशी भीती होती. उलटंच झालं. आता प्रत्येक सूर सुटा ऐकू येत होता, दोन सुरांमध्ये तो किती शांतपणे थांबतो तेही. सोलो आला तसा गुऱ्याने तारा सैल करून सूर धरला आणि वाजवायला लागला. आणि वाजवतच गेला! दीड महिना त्या पळत्या टेपच्या मागे धावून त्याची बोटं अशी तयार झालेली, की खरा वेग त्याला फिरायला गेल्यासारखा वाटत होता. शेवटचा सूर लागला तेव्हा त्याला स्वतःलाच खरं वाटेना. प्रसन्न उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

बाबा मांडीवर बोटं मोजत होते. "तेरा मात्रा," ते म्हणाले. "परत लाव. एक मात्रा कुठेतरी चोरतायत हे लोक."

सोमवारी बाबा पेटी घेऊन पुन्हा कल्याणला. पेटीवाल्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, खरं सांगा, तुम्हाला कुणी पाठवलंय?" त्या दिवशी बाबांना समोर बसून कुणाचा तरी संशय सहन करावा लागला. ते वाण्याकडेही जाऊन आले. काय बोलले ते सांगितलं नाही, पण येताना दोन किलो तूरडाळ आणली.

इथवर ठीक होतं. पण एक गोष्ट मी रविवारी कुणालाच सांगितली नव्हती. आदल्या आठवड्यात मी एका इंग्रजी संगीत-मासिकाला चार पानी पत्र टाकलेलं. विषय: हा बँड लाइव्हमध्ये सूर दीडने का चढवतो, आणि ते सर्वसामान्य कानाला का कळत नाही. ते त्यांनी छापलं! नाव, पत्ता, सगळं! पुढच्या महिन्यात माझ्या नावाने घरी तीन वाचकांची पत्रं आली. तिघांनाही तो चढलेला सूर आधीपासूनच जाणवत होता म्हणे. एकाने तर लिहिलं होतं की असे कान लाखात एखाद्याला मिळतात.

ते पत्र बाबांनी दोनदा वाचलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि मला विचारलं, "हे अक्षर तुझंच नाही ना?"

बाबांची शपथ, ते माझं नव्हतं. तिघांतलं माझं दुसरं होतं.