जोडी फुटते तो प्रसंग

दोन पोलिसांच्या जोडीचा विनोदी सिनेमा कसा बांधतात, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. एक शिस्तीचा, एक सैल. साहेब शिक्षा म्हणून दोघांना एका जीपमध्ये कोंबतो. पहिला अर्धा तास नुसती कटकट, हा खिडकी उघडतो, तो लावतो. मग एक फडतूस केस येते आणि तिची मोठी होते. मध्यावर दोघांना एकमेकांची सवय लागते. पाऊण सिनेमा झाला की जोडी फुटते. शेवटी एक जण संकटात सापडतो, दुसरा धावत येतो, की पुन्हा तीच जीप आणि तीच कटकट. झालं, एवढंच असतं. ह्या एवढ्याशा सांगाड्यापायी मी माझ्या सख्ख्या भावाची खरी जोडी मोडली, आणि ते सांगताना आजही माझी मान वर होत नाही.

माझा दादा हवालदार आहे. आम्ही मूळचे मोहोळ तालुक्यातले, आता दोघंही सोलापुरात राहतो, मी शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात एकांकिका लिहिते. दादा म्हणजे शिस्तीचा पुतळा. गणवेशाला इस्त्री स्वतः करणार, ड्युटीवर दहा मिनिटं आधी हजर होणार आणि भजी खाताना प्रत्येक भज्याचं तेल कागदाला पुसणार. अकरा वर्षं त्याचा जोडीदार होता तो कर्नाटकाच्या शिवेजवळच्या मैंदर्गीचा. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. अण्णा घरी कानडी, बाहेर मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम बोलायचा. तो भजी खाऊन झाल्यावर कागदसुद्धा चाटेल असा माणूस. एकच मोटारसायकल, दादा पुढे, अण्णा मागे, आणि ठाण्यातून निघाल्यापासून गावात पोचेपर्यंत अण्णाचं तोंड चालू.

दुधनीच्या बाजारात एकदा एका म्हशीवर दोघांनी हक्क सांगितला. दादा रीतसर दोघांकडे कागद मागत बसला. अण्णानं काय केलं, म्हशीच्या कानाशी जाऊन आधी मराठीत हाक मारली, मग कानडीत. मराठीला म्हशीनं ढुंकून पाहिलं नाही, कानडीला मान वळवली. "ही आमच्या बाजूची हाय," म्हणून अण्णानं तिथंच निकाल देऊन टाकला. दादा आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही, कारण हे पंचनाम्यात कसं लिहायचं? पण निकाल बरोबर निघाला. दर रविवारी दुपारी दादा माझ्याकडे चहाला यायचा आणि असलं काहीतरी सांगायचा. सांगताना चिडायचा आणि मला मात्र दिसायचं की ह्या माणसाला त्या माणसावाचून करमत नाही.

तर सिनेमा. आमच्या ओळखीचे एक चादरींचे व्यापारी आहेत, शेठ म्हणतात सगळे. त्यांना इथल्या बोलीतला विनोदी सिनेमा काढायची हौस आली. माझी एकांकिका त्यांनी पाहिली होती. "ताई, तुमीच लिवा," म्हणाले. मी काय, हरखलेच. विषय शोधायला लांब जायचं कारणच नव्हतं. दर रविवारी तो माझ्या ओट्याजवळ बसून चहा पीत होता. दादाला विचारलं, तर म्हणाला, "लिव की. म्हशीचं घाल. फक्त नावं नको." अण्णाला तर कोण आनंद झाला! "ताई, माज्या पार्टला जरा देखणा माणूस बघा," म्हणाला.

पहिला मसुदा शेठना वाचून दाखवला. ते पोट धरून हसले आणि शेवटी डोळे पुसत म्हणाले, "सगळं झ्याक हाय. पण फूट कच्ची हाय. डब्यातल्या शेंगाचटणीवरनं भांडून कुणी पोलीस येगळे हुत्यात व्हय? काळजाला लागंल असं कायतरी पायजे." मला राग आला, कारण त्यांचं खरं होतं. जोडी फुटते तो प्रसंग ह्या सिनेमाचा कणा असतो. तो पोकळ असला की पुढची धावाधाव, गळाभेट, सगळं पोकळ वाटतं. घरी येऊन मी तीन दिवस डोकं खाजवत बसले. आणि चौथ्या दिवशी मला दादाचा खांदा आठवला.

सात वर्षांपूर्वी एका गावच्या जत्रेत कुणाची कावड आधी, यावरून दोन भावक्यांत मारामारी पेटली. बंदोबस्ताला हे दोघंच. दादा मध्ये पडला आणि उजव्या खांद्यावर काठी बसली. अण्णा कुठंच नव्हता. सगळं शांत झाल्यावर तो धापा टाकत आला. मोबाईलला रेंज मिळेना, मदतीसाठी पार वस्तीपर्यंत पळत गेलो, म्हणाला. दादा म्हणाला, "बरं केलंस." साहेबांना तर दादानं सांगितलं, "मीच पाठवलं होतं त्याला."

खरं वेगळं होतं, आणि ते दादानं मला एका रविवारी सांगितलं. थंडीत त्याचा खांदा धरला होता, मी मलम चोळत होते. मार खाता खाता त्याला समोर कडब्याची गंज दिसत होती, आणि गंजीतून बाहेर आलेले पोलिसी बूट. अण्णा आत शिरून बसला होता. "घाबरला बिचारा," दादा म्हणाला. "लेकरंबाळं हायत. मानूस हाय की." मग जरा वेळानं म्हणाला, "ह्ये कुणाला बोलायचं न्हाय." मी म्हटलं, छे, मी कशाला बोलतेय.

आणि मी ते लिहिलं. सगळं, जसंच्या तसं. फक्त शेवटी एवढं वाढवलं की शिस्तीचा पोलीस चिडून चारचौघांत ते बोलून टाकतो आणि जोडी फुटते. लिहिताना मला कसलीही टोचणी लागली नाही, हे सगळ्यात वाईट. उलट मी खुशीत होते. पुन्हा वाचलं, एकटीच हसले, बुटांच्या जागी अजून एक विनोद घातला. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

शेठनी दुकानाच्या माडीवर वाचन ठेवलं. असल्या वाचनात नुसतं वाचून भागत नाही, प्रत्येकाचा आवाज काढून, हातवारे करून सांगावं लागतं, तेव्हा पैसेवाल्याला सिनेमा दिसतो. शेठची सात-आठ मित्रमंडळी होती. "पोलिसांचं बरोबर हाय का बघाया खरं पोलीस बोलवा की," असं शेठनीच सुचवलं. मी दादाला सांगितलं. दादाला त्या दिवशी कोर्टाची तारीख होती. त्यानं अण्णाला पाठवलं.

अण्णा आला तो केसांना तेल लावून, पांढरा शर्ट घालून. पहिल्या रांगेत गादीवर मांडी घालून बसला आणि शेजारच्याला म्हणाला, "माज्यावर हाय सिनेमा." तो प्रसंग अण्णासमोर वाचायचा आहे, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. पण वेळ होती. चटणीच्या भांडणाची जुनी पानं माझ्या पिशवीतच होती. मी ठरवलं, ती वाचायची. अगदी पक्कं ठरवलं.

मग मी वाचायला लागले आणि माडी हसायला लागली. म्हशीला तर शेठच्या एका मित्राला ठसका लागला. अण्णा मांडीवर थापा मारत होता, "अगदी अस्संच!" म्हणून ओरडत होता. एवढी माणसं आपल्या शब्दांवर हसतात तेव्हा काय होतं, ते मी कुठल्या तोंडानं सांगू? मला अजून हवं होतं. जत्रेपर्यंत आले, पिशवीकडे हात गेला, आणि मी तो मागे घेतला. कडब्याची सळसळ मी तोंडानं काढून दाखवली. गंजीतल्या माणसाचा श्वास काढून दाखवला. आणि मार खाणाऱ्या पोलिसाला बूट दिसतात तिथं मी स्वतःचे दोन्ही पाय पुढे पसरून हलवले. माडी फुटायची बाकी राहिली. अण्णाचं हसू तेवढं मध्येच थांबलं. तो माझ्या पायांकडे बघत राहिला. मग तोही हसला, जरा उशिरानं, इतरांचं संपत आलं तेव्हा. थोड्या वेळानं "ड्युटी हाय" म्हणून उठला. जाताना शेठना म्हणाला, "ताई लई ब्येस लिवत्यात."

पंधरा दिवसांत अण्णानं साहेबांना भेटून बीट, म्हणजे गस्तीची गावं, बदलून घेतली आणि जोडीदारही. दादाला ते ठाण्याच्या ग्रुपवरच्या ड्युटीच्या यादीतून कळलं. तो रविवार नसताना माझ्याकडे आला. "काय झालं त्याला? फोन उचलंना," म्हणाला. मी सांगितलं, माडीवर काय वाचलं ते. दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो चहा न घेताच निघून गेला.

आणि तरीही, माझा मूर्खपणा बघा, मला वाटत होतं की हे निस्तरता येईल. सांगाडा डोक्यात इतका मुरला होता! फुटीनंतर दहा पानांत जोडी जुळते, फक्त कुणीतरी धावत जावं लागतं. मग मीच जाते. अण्णाच्या सुट्टीच्या दिवशी एसटी पकडून मैंदर्गीला गेले.

"बर्री, बर्री," म्हणत अण्णाच्या बायकोनं आत घेतलं, चहा ठेवला. अण्णा समोर बसला. नेहमीसारखं बोलेना, घरात पाहुणी आल्यावर बोलतात तसं बोलत होता, ऊन लई हाय वगैरे. मी हात जोडले. म्हटलं, "अण्णा, चुकले मी. तो प्रसंग काढून टाकलाय. शेठनाही सांगितलंय."

"काढायचं काय कारण? लोक हसले की. मी सुदीक हसलो," अण्णा म्हणाला. बायको आत गेली तसा त्यानं आवाज खाली आणला. "एकच सांगा, ताई. मी गंजीत हुतो ते कुणीतरी गावातल्यानं सांगितलं असंल, त्ये जाऊ द्या. पन बूट त्याला दिसलं, ह्ये तुमी मनानं घातलं, का त्यानं सांगितलं?"

मला वाटलं, हीच ती वेळ. दादाचं मन किती मोठं आहे हे ह्याला कळलं की हा उठेल आणि माझ्याबरोबर सोलापूरला येईल. मी घाईघाईनं म्हणाले, "दादानंच सांगितलं, अण्णा! त्याला तेव्हाच दिसले होते. पण बघा ना, सात वर्षं त्यानं तुम्हाला कळूसुद्धा दिलं नाही!"

अण्णा "व्हय," म्हणाला. "सात वर्षं मी त्याच्या मागं गाडीवर बसलो. त्याला म्हाईत न्हाय, ह्या भरवशावर बसलो." मग चहाचा कप उचलून माझ्या हातात दिला. "घ्या. गार हुईल."

संध्याकाळी मी तशीच दादाच्या घरी गेले आणि त्याला सगळं सांगितलं. अण्णाचा प्रश्न सांगितला तसा तो ताठ झाला.

"मग तू काय म्हनलीस?"

"खरं सांगितलं."

दादा माझ्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत त्यानं माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

"आजवर खोटंनाटं रचून लिवत आलीस की गं," तो म्हणाला. "तितं एक खोटं बोलायचं हुतं."