गोदाचा एक चिंचोका

गोदाला मोजता येत नाही असं शाळेतली मंडळी म्हणत, ते साफ खोटं. तिला आकडे लिहिता येत नव्हते, एवढंच. मोजण्यात ती कमिटीतल्या चार शहाण्यांना विकून आली असती. रत्नागिरीतल्या मुलींच्या एका शाळेत ती बोलावणारी बाई होती. तेव्हा पोरींना एकटं शाळेत धाडायची रीत नव्हती. बाई दारात येऊन हाक मारी, तेव्हा कुठे आया पोरीच्या कडेवरचं धाकटं भावंड काढून घेऊन तिला सोडत. गोदा वरच्या आळीपासून सुरुवात करी. एक पोर उंबऱ्याबाहेर पडली की पिशवीतला एक चिंचोका ओटीत. शाळेच्या पायरीवर ती ओटी उपडी करी. हेडमास्तर दत्तोपंत आधी चिंचोके मोजत, मग पोरी. दोन्हींचा मेळ बसला की गोदा झाडायला आणि पाणी भरायला मोकळी.

ती संगमेश्वराकडची कुणब्याची. नवरा मुंबईला गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. पोटी मूलबाळ नाही. तेव्हा लोकांच्या चाळीस पोरींवर जीव लावून बसली बिचारी, आणि तेच तिला नडलं.

अठ्ठावीस सालच्या श्रावणात काशी बुडाली. दुसरीतली पोर, सात वर्षांची. शाळेच्या वाटेला चिऱ्यांची जुनी खाण होती, पावसाळ्यात काठोकाठ भरायची. काठावर तेरडा फुलला होता, पोर फुलांना वाकली आणि घसरली. पुढे चाललेल्या गोदाला पत्ता नाही. पायरीवर एक चिंचोका उरला तेव्हा तिच्या काळजाचं पाणी झालं. ती धावत मागे गेली. पाटी काठावर होती, फुलं पाण्यावर तरंगत होती.

खाण राजाभाऊंची. राजाभाऊ म्हणजे शाळा कमिटीचे चेअरमन, आंब्याच्या बागांचे मालक, मोठं प्रस्थ. काशीचे दिवस सरल्यावर गोदा त्यांच्या ओसरीखाली जाऊन उभी राहिली. म्हणाली, भाऊ, खाणीला काट्यांची वई घाला, कुंपणापुरत्या काट्या मी तोडून आणते, गडी नको न् काही नको. राजाभाऊंनी ऐकून घेतलं. पण वई घातली तर चिरे न्यायला गाड्या कुठून लागणार? रविवारी कमिटी बसली आणि वईच्या ऐवजी नियम झाला. जी मुलगी रांग सोडील तिचं नाव त्याच दिवशी पटावरून कमी होईल. कारण विचारलं जाणार नाही, सबब ऐकली जाणार नाही. बाईने लपवलं तर बाईही घरी. दत्तोपंतांनी सुरेख अक्षरात लिहून तो नियम काचेच्या चौकटीत टांगला. गावाने माना डोलावल्या. शिस्त हवीच, पोरींचा मामला आहे, म्हणाले. अरे, पोर बेशिस्तीने मेली की उघड्या खाणीने? पण हे विचारायचं कुणी?

पहिल्याच वर्षी दोन नावं गेली. एकीचं करडू दावं तोडून मागे आलं होतं, ती त्याला हाकलायला गेली. दुसरी बापाने घरी विसरलेला चष्मा त्याला द्यायला रस्ता ओलांडून पलीकडे गेली. दोघी परत चुलीपाशी बसल्या. गोदा हळहळली, पण काशीची पाटी डोळ्यांपुढे होती, म्हणून गप्प राहिली.

मग एकतीस सालच्या फाल्गुनात मालिनीची पाळी आली.

मालिनी सातवीत, शाळेतली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत हुशार. बाप कचेरीत कारकून होता, तो वारला. आई आणि दोन मुली काकांच्या आश्रयाला. काकांनी एकदाच सांगून टाकलं होतं, फायनल पास झालीस तर ट्रेनिंगला पुण्याला धाडीन, मास्तरीण हो. नाहीतर मंडणगडचं स्थळ तयार आहे. स्थळ बिजवराचं, चाळिशीचं. परीक्षेला महिना राहिला होता. मालिनी वाटेने चालताना इतिहासातली सालं पुटपुटायची आणि गोदा ती ऐकत चालायची. पोर मास्तरीण झाली तर खुर्चीवर बसलेली पाहीन, एवढाच गोदाचा हव्यास होता.

त्या दिवशी खाणीजवळ आल्यावर मालिनी एकदम थांबली. दोन्ही हातांना दोन लहान पोरी होत्या, त्यांचे हात तिने सोडले आणि ती चार पावलं बाजूला सरली. चेहरा पांढराफटक.

"गोदा, शिवू नकोस मला," ती हळूच म्हणाली.

गोदा समजली. कुठल्याही बाईला समजलं असतं. आता ही तशीच रांगेत चालली असती तर शिवाशीव झाली असती, लहानग्यांच्या घरी सोवळ्याओवळ्याचं केवढं प्रस्थ, आंघोळी घालून गावभर बोभाटा केला असता. शाळेत तर तिने पाऊलही टाकायचं नव्हतं. घर गाठण्यावाचून इलाज नव्हता, आणि चाळीस पोरी खाणीच्या काठावर सोडून गोदाला तिच्याबरोबर जाता येत नव्हतं. कडेकडेनं जा, पाण्याकडं बघू नको, एवढं सांगून तिने मालिनीला परत लावून दिलं. ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. मग रांग पुढे नेली.

आणि इथे गोदा चुकली. मालिनीचा चिंचोका ओटीतच राहिला. तो काढून फेकला असता तर मालिनी त्या दिवशी घरातून निघालीच नव्हती असं ठरलं असतं, कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण दहा वर्षं तिच्या हाताला ओटीत टाकायची सवय, काढायची नव्हती.

पायरीवर चिंचोके एकेचाळीस, पोरी चाळीस. दत्तोपंतांच्या तोंडचं पाणी पळालं, त्यांना काशी आठवली. गोदा घाईने म्हणाली, मालूताय घरी गेली, सुखरूप हाय. मग त्यांचा जीव खाली पडला, आणि जीव खाली पडताच नियम आठवला. तरी माणूस अगदीच दगड नव्हता. कारण विचारायचं नाही असं लिहिलं असूनही त्यांनी विचारलं, का गेली? शेजारी आणखी दोन मास्तर उभे होते. गोदाने पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. तीन पुरुषांपुढे ती गोष्ट तोंडातून निघेना. घरी काम निघालं, म्हणाली. दत्तोपंतांनी पट उघडला आणि लाल शाईची रेघ ओढली.

तिसऱ्या दिवशी मालिनीची आई परसदारी गोदाला भेटली. तिला दिरांपुढे बोलायची चोरी, कमिटीपुढे तर लांबच. म्हणाली, गोदा, तूच सांग गं त्यांना. ती रडली आणि गोदाही रडली. दोन रात्री गोदाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी रविवारी डोईवरचा पदर सारखा करून ती कमिटीपुढे उभी राहिली.

"पोरीला वाटंत कावळा शिवला व्हता," ती म्हणाली. "तिनं काय करायचं व्हतं, तुमीच सांगा."

सगळी बैठक खाली बघू लागली. घराघरांत बायका, सुना, लेकी. एकालाही नवीन नव्हतं. दत्तोपंत उपरण्याने कपाळ पुसू लागले. राजाभाऊ मात्र शांत होते.

"कारण विचारलं जाणार नाही असं लिहिलंय," ते म्हणाले. "आम्ही विचारलं होतं का? मग तू सांगितलंस कशाला?"

झालं. रेघ तशीच राहिली. उलट असलं अभद्र बोलणारी बाई मुलींच्या शाळेत ठेवावी की नाही यावरच तासभर खल झाला. दुसरी बाई मिळेना म्हणून गोदा राहिली. पण बैठकीतली गोष्ट संध्याकाळच्या आत गावभर झाली, पारावर हशा पिकला, आणि ती काकांच्या कानावर गेली. काकांचं पित्त खवळलं. नाव परत लागायची आशा होती तोवर ते थांबणार होते. आता घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आली म्हणून त्यांनी वैशाखातलाच मुहूर्त धरला. म्हणजे गप्प राहून गोदाने पोरीची शाळा घालवली, आणि बोलून उरलंसुरलं सगळं. या बयेने करायचं तरी काय होतं?

मालिनी मंडणगडला निघाली तेव्हा गोदा गाडीपाशी गेली. मालिनी रडत नव्हती. तिने गोदाकडे बघितलं.

"तेवढा चिंचोका टाकून द्यायचा होतास, गोदा," ती म्हणाली.

बैल चालू लागले. गोदा तिथेच उभी राहिली.

पुढच्या जूनपासून मालिनीची धाकटी बहीण विमला रांगेत आली. त्या दिवसापासून गोदाचा मेळ कधीच चुकला नाही. खाणीच्या वळणावर ती रांग थांबवी, पोरी मोजी, आणि जास्तीचे चिंचोके पाण्यात भिरकावून देई. कुणी करडामागे पळालेली असे, कुणी आईला निरोप द्यायला, कुणी मालिनीसारखी. पायरीवर चिंचोके आणि पोरी सारख्याच. सहा वर्षांत पटावर एक लाल रेघ नाही. सदतीस साली राजाभाऊंनी वार्षिक समारंभात सांगितलं, नियम कडक ठेवला, त्याचं हे फळ. टाळ्या पडल्या. गोदा मागे पाण्याच्या घागरींपाशी उभी राहून ऐकत होती.

खाणीला वई तेव्हाही नव्हती.

आणि पोरी वर्गात बसल्या, घंटा झाली, की गोदा झाडू बाजूला ठेवी. आज फेकलेला चिंचोका सुखरूप परतलेल्या पोरीचाच होता का, हे आता तिला पायरीवर उरलेला चिंचोका सांगणार नव्हता. ती एकटीच त्या वाटेने मागे जाई, काठावर उभी राहून पाण्याकडे बघे, आणि काही तरंगताना दिसलं नाही की परत येऊन झाडायला लागे.