कारंज्याहून रोहण्याला, अमेरिकेमार्गे

नागपूरच्या बसस्थानकावर ‘कारंजा’ अशी पाटी दिसली आणि मी चढले. गाडी सुटल्यावर वाहकानं विचारलं, “घाडग्याचं कारंजा का लाडाचं?” कारंजा नावाची गावं दोन आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. मी पत्ता दाखवला.

“गाडी लाडाच्या कारंज्याले जाते, मॅडम. घाडग्याचं रस्त्यातच हाये, उतरवून देतो. पण झोपू नका, नाईतर वाशिम जिल्ह्यात जाग येईन.”

मी टक्क जागी राहिले. मी नाशिकच्या एका छोट्या प्रकाशनात संपादनाचं काम करते. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हा लोकशाही कशी असावी यावरून तिथं दोन पक्ष भांडत होते. त्यावरचं एक पुस्तक आमच्याकडे अडलं होतं. लेखक दोघं, एकाच महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेले: कारंज्याच्या शालिनीताई आणि रोहण्याचे नामदेवराव. दोघांनी एकेका पक्षाची बाजू लिहिली. शेवटचं प्रकरण मिळून लिहायचं होतं, पण पावसाळ्यापासून दोघांनी एकमेकांशी बोलणंच सोडलं होतं. आता डिसेंबर उजाडला होता. प्रकरण आणायचं, नाहीतर पुस्तक रद्द, असं मला बजावून पाठवलं होतं.

कारंज्यात महामार्गावर ट्रकांची रांग, ढाब्यांतून फोडणीचा वास. ताईंचं घर दोन गल्ल्या आत. त्यांनी संत्र्यांची परडी पुढे केली. “घ्या. आंबट निघालं तर सांगजा.”

ताईंचा पक्ष बळकट केंद्राचा: पक्का कायदा, बँका, रस्ते. मी म्हटलं, “पण गावाचा कारभार गावाकडे असणं बरंच की.”

“माह्या आईले गावच्या विहिरीत दोर टाकू देत नव्हते,” ताई शांतपणे म्हणाल्या. “गावाले कधी लाज वाटली नाई. आमच्या बाजूनं कायदा उभा राह्यला.”

“मग भांडण कशावरून?”

“त्यायनं तळटीप केली!”

नामदेवरावांच्या पक्षाचा सगळा भरवसा स्वतःची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यावर. पण त्यांच्या बड्या पुढाऱ्यांच्या शेतात गुलाम राबत होते. हे वाक्य नामदेवरावांनी पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात टाकलं होतं.

“माणसं तळटिपेत राहत नाईत,” ताई म्हणाल्या. मी उद्या रोहण्याला निघते, असं सांगितलं, तशी त्यांनी परडी बाजूला सारली. “मीच येतो तुमच्या संगं.”

सकाळच्या आर्वीच्या बसचं चाक वाटेत पंक्चर झालं. आम्ही सगळे उतरून तुरीच्या धुऱ्यावर (बांधावर) बसलो. पांढरं धोतर नेसलेल्या एका शेतकरीकाकांनी कुठं निघालात विचारलं. ताईंनी त्यांना अख्खी अमेरिका सांगितली.

“मंग निवडून कोन आलं?”

“शेतकऱ्याची बाजू घेनारा पक्ष.”

“मंग कापसाले भाव भेटला असन!”

“भेटला. वेचनाऱ्याले नाई भेटला.”

काका मोठ्यानं हसले, मग पलीकडच्या पऱ्हाटीत (कपाशीत) वेचणाऱ्या बायकांकडे पाहत राहिले.

आर्वीला बस बदलून रोहण्याला पोचलो तेव्हा नामदेवराव अंगणात तूर वाळत घालत होते. ताईंना पाहून त्यांचे हात थांबले. “ताई! एवढ्या दूर काऊन आल्या? निरोप द्याचा, मी आलो असतो.”

“पाच महिने वाट पाह्यली, भाऊ.”

त्यांच्या पत्नी मंदावहिनींनी चहा दिला. तो संपायच्या आत दोघं जुंपले.

“तळटीप वर नेली तर वाचनारा म्हनन, सारे ढोंगी,” नामदेवराव म्हणाले. “मंग त्यायचं खरं बोलनंही वाया जाईन. ज्याचं पोट दुसऱ्याच्या हाती, तो मोकळ्या मनानं मत कसं देईन? हे खोटं हाये का?”

“खरं हाये. म्हनूनच विचारून राह्यली. गुलामाचं पोट कोनाच्या हाती होतं?”

नामदेवरावांनी मूठभर तूर उचलून परत पसरली. मग म्हणाले, “अन् तुमच्या पक्षानं सरकारावर टीका करनारे छापखानेवाले तुरुंगात टाकले. ते कुठं लिहिलं?”

“अर्धी ओळ लिहिली की.”

“अर्धी!” नामदेवरावांना हसू फुटलं. ताईही हसल्या.

“जेवून भांडा,” आतून वहिनी आल्या. “अन् त्या वक्ती बायका कुठं होत्या?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन्ही हस्तलिखितांत बायका जवळजवळ नव्हत्याच. संपादक असून मलाही ते दिसलं नव्हतं. आम्ही तिघंही पानावर बसलो. गरम भाकरी आणि सोल्यांची (तुरीच्या हिरव्या दाण्यांची) झणझणीत भाजी होती. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा वहिनी प्रसन्न झाल्या.

जेवणानंतर नामदेवरावांनी तळटीप खोडली आणि ते वाक्य आपल्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत स्वतःच्या हातानं लिहिलं. लिहिता लिहिता थांबले. “माह्या आज्याच्या शेतात सालदार (वर्षाच्या बोलीवर राहणारे गडी) होते. त्यायले कोनी काही विचारलं नाई. ते आठवत होतं, म्हनून खाली ढकललं मी.”

ताईंनी पाण्याचा गडवा त्यांच्याकडे सरकवला.

दोन दिवस ताई आणि मी तिथंच राहिलो. शेवटचं प्रकरण संवादाच्या रूपात झालं, वहिनींच्या प्रश्नापासून सुरू होणारं. कोणता पक्ष बरोबर यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. सह्या मात्र दोघांनी केल्या.

पुलगावहून नाशिकची गाडी सुटल्यावर मी ते प्रकरण पुन्हा वाचलं. ताईंच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष निवडणूक हरला आणि नव्याचा शपथविधीही न पाहता पहाटेच्या घोडागाडीनं निघून गेला. रुसला, पण खुर्ची सोडून गेला. पुढे म्हातारपणी त्या दोघा प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांना खूप पत्रं लिहिली. मतं काही सगळी जुळली नाहीत. पहिलं पत्र कोणी लिहायचं, एवढंच बहुधा अवघड असतं. इथं ताईंनी सकाळची बस धरली होती.