चिमणाबाईंनी गिळलेला आवाज

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, जिथं म्हशीची धार गिऱ्हाइकासमोरच काढून गिलासात देतात, आधी चिमणाबाईंचा आवाज पोचायचा, मग म्हशी. "ओ पावणं, दूध प्यायचं तर प्या, न्हायतर गिलास ठेवा की खाली!" हे ऐकल्याशिवाय तिथल्या पैलवानांनाही दूध पचत नसे. नवरा गेल्यावर याच आवाजाच्या जोरावर बाईंनी गोठा सांभाळला आणि एकुलत्या राजवर्धनला जहाजावरचा इंजिनीअर केलं.

तो आवाज एके दिवशी बसला. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ चाचे जहाजावर चढले आणि राजवर्धनसकट काही जणांना खंडणीसाठी खाडीकाठच्या जंगलात घेऊन गेले.

जहाज एका देशाचं, मालक दुसऱ्या देशाचा, गुन्हा तिसऱ्याच देशात. असल्या भानगडीत जो तो हात झटकतो, असा आम्हा कट्ट्यावरच्यांचा समज होता. पण या वेळी सगळ्यांचे अधिकारी खरोखरच एकमेकांशी बोलत होते. त्यांचा निरोप बाईंपर्यंत आणायची अवंतिका. खलाशांच्या घरच्यांना आधार देणाऱ्या मुंबईच्या एका संस्थेतली ही मुलगी पहिल्याच आठवड्यात येऊन बाईंशेजारी बसली.

"ते राजवर्धनला घरी फोन करायला लावतील, मावशी. त्यांना तुमचं रडणं-ओरडणं ऐकायचं असतं. जितका कल्लोळ, तितकी त्यांची मागणी वाढते. म्हणून हळू बोला. काही कबूल करू नका. तो जिवंत आहे याची खात्री पटेल असं, फक्त त्यालाच ठाऊक असलेलं काहीतरी विचारा."

"हळू? पोरी, मला ते येत न्हाय."

"शिकावं लागेल."

शिकल्या. तालमीच्या पृथ्वीराजनं चौकात भला मोठा फ्लेक्स लावला होता: 'आमच्या वाघाला सोडवा'. त्यावर राजवर्धनपेक्षा पृथ्वीराजचाच फोटो मोठा. बाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि पुटपुटल्या, "काढ बाबा. पोराच्या जिवावर बेतंल." शिव्या खायच्या तयारीत असलेला पृथ्वीराज त्या आवाजानं चरकला. त्यानं स्वतः शिडी लावली.

फोन आला तो नेमका कट्ट्यावर, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. बाईंनी नुसता हात वर केला आणि सगळा कट्टा चिडीचूप झाला.

"आई..."

किंकाळी गळ्यापर्यंत आली, ती बाईंनी गिळली.

"राजू, तुझ्या कपाळावरचा वण कशाचा रं?"

पलीकडे कुणीतरी खेकसलं. मग राजवर्धन म्हणाला, "लोकास्नी तू म्हशीची लाथ म्हणून सांगतीस. तू फेकलेल्या तांब्याचा हाय त्यो."

जिवंत होता! बाईंनी खांब धरला.

"आई, तू बरी हाईस न्हवं? असं का बोलतीस?"

त्या उत्तर देणार तोच फोन तुटला. पुढचे सगळे फोनही असेच गेले. बाई हळू बोलत राहिल्या, पोरगा तेच विचारत राहिला.

अखेर बोलणी करणाऱ्यांनी वाट काढली. पोरं सुटली, दोन देशांच्या आरमारांनी त्यांना बंदरापर्यंत सुखरूप आणलं. राजवर्धन घरी आला तेव्हा अवंतिका म्हणाली, "तिथलं खोदून विचारू नका. काय हवं, काय नको, ते मात्र त्याला विचारत जा."

बाईंनी पहिलं ऐकलं, दुसरं विसरल्या. पोराला शांतता हवी, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. टीव्ही बंद केला, भांडी फडक्यावर ठेवू लागल्या, गल्लीतल्या मोटारसायकली ढकलत न्यायला लावल्या. स्वतः तर कुजबुजतच बोलत. राजवर्धन जेवत नव्हता. दिवसभर पायात बूट घालून उंबऱ्याशी बसायचा. निजतानाही बूट काढत नसे. पोरगा आला, पण आलाच नाही, या भीतीनं बाई आतून वाळत चालल्या.

एका सकाळी धार काढता काढता त्यांनी हलकेच विचारलं, "राजू, च्या ठिवू का?"

त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले. "आई, अशी नगं बोलूस. तिथं फोनवर अशीच बोलायचीस. मला वाटायचं, तुला बी कुनीतरी धरलंय, मानेवर सुरी ठेवून बोलायला लावतंय. तुझा असा आवाज आला की मी अजून तिथंच असतो."

इतके दिवस आपणच पोराला त्या जंगलात कोंडून ठेवलं, हे कळून बाईंना रडू फुटलं. आणि मग गळा मोकळा झाला.

"आरं मुडद्या, मग त्वांड शिवलं हुतं काय तुजं? काढ ती बुटं आनि बादली धर!"

म्हशीनं कान टवकारले. चौकात पृथ्वीराजच्या हातातला चहा हिंदकळला.

राजवर्धननं खाली वाकून बुटाची नाडी सोडली.