सगळ्यांना एकच वाटी

नानांच्या कोटाच्या उजव्या खिशात बारा महिने एक पितळी वाटी असे. तिच्या वजनानं कोट एका अंगाला ओढला जाई आणि नाना समोरून येताना जरा कललेले दिसत. चहा ते त्याच वाटीनं घेत, मेथीचं बी त्याच वाटीनं मोजत, आणि कुणी भांडायला आलं की तोंड उघडायच्या आधी वाटी बाहेर काढत. कालव्यावर मुकादमी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. लोकांना पाणी वाटता वाटता त्यांची अशी खात्रीच झाली होती, की जगातली निम्मी भांडणं माप वेगवेगळं असल्यामुळे होतात. "माप एक ठेवा मास्तर, माणूस आपोआप सरळ बोलतो," असं ते मला म्हणत. आम्ही सगळे त्यांना वाटीनाना म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मी तेव्हा नाशकात नवाच शाळामास्तर होतो. गंगापूर रस्त्याला, वस्ती संपली की नदीकडे उतरत जाणारी एका शेठजींची जमीन होती. शेठजी मुंबईला राहत. त्यांनी तिचे लहान लहान तुकडे पाडून भाजी लावायला भाड्यानं दिले होते. वरच्या ओळीत, विहिरीला लागून, नाना आणि आम्ही नोकरदार मंडळी. आमची शेती म्हणजे चार वांगी आणि खंडीभर गप्पा. खालच्या ओळीत, नदीच्या अंगाला, जी माणसं होती त्यांची गोष्ट वेगळी. वाफ्यात जे येईल ते पाटीत घालून बाजारात न्यायचं आणि आल्या पैशावर चूल पेटवायची. रंगारी चाचीचा तुकडा अगदी शेवटचा. तिचा नवरा पागोटी रंगवायचा. तो गेला, आणि तीन लेकरं आणि हा तुकडा एवढंच तिच्या हातात राहिलं.

नाना रोज सकाळी अनवाणी निघत ते थेट खालच्या ओळीपर्यंत जात. वरच्या वाफ्यांकडे ते बघतही नसत. आमच्या ओळीतले पोष्टातले भाऊसाहेब एकदा थोडे दुखावून म्हणाले, "नाना, आमची कोबी बघा की जरा. रोज तिकडंच काय जाता?" नाना म्हणाले, "विहिरीजवळच्या वाफ्याला पाणी मिळालं, यात बघायचं काय? पाण्याचा न्याय शेवटच्या वाफ्यात बघायचा असतो." मग ते चाचीच्या वाफ्यात बसून मातीत बोट खुपसत, बोट किती ओलं झालं ते बघत आणि वर येत. चैत्र लागला की त्यांचं बोट कोरडंच वर येई. विहिरीला पाणी असायचं, पण मातीचा पाट ते वाटेतच पिऊन टाकायचा.

जमिनीवर सगळ्यांच्या मिळून काही सोयी करायच्या असत. त्यासाठी वर्गणी जमे, आणि वर्षाकाठी तिच्यातून एकच काम निघे. कोणतं, ते ठरवायची नानांची एक पद्धत होती. ती आधी कुणी कुठं पाहिली नव्हती आणि पुढं मलाही कुठं दिसली नाही. जितकी कामं सुचवलेली असतील तितकी मडकी विहिरीशेजारी मांडायची. त्यांच्यापुढं नानांचं जुनं धोतर आडवं बांधायचं. प्रत्येक घरानं आपल्या घरचे हरभरे आणायचे, धोतराआड जायचं, नानांची वाटी शिगोशीग भरायची आणि मनाला येईल त्या मडक्यात ओतायची. ज्या मडक्यात हरभरा जास्त, ते काम. मग सगळी मडकी एकाच हंड्यात रिकामी करायची, हिरवी मिरची आणि मीठ घालून घुगऱ्या शिजवायच्या आणि सगळ्यांनी तिथंच बसून खायच्या. कुणी कशाला दिलं, किती फरकानं झालं, याचा मागमूस उरत नसे. नाना म्हणत, "मत पोटात गेलं की भांडण मिटलं." विहिरीवरचा रहाट असाच ठरला होता, रस्त्याकडचं फाटकही असंच ठरलं होतं, आणि खरंच कधी कुणाचं कुणाशी वाकडं आलं नव्हतं.

हरभरे घरूनच का आणायचे, असं मी एकदा विचारलं होतं. वर्गणीतून पोतंभर घेऊन ठेवले तर काय बिघडलं? नानांना ते पटलं नाही. "फुकटचं मत माणूस कसंही फेकतो. घरचा दाणा हातात असला की विचार करून देतो," असं ते म्हणाले. मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात मुलांना सांगितलं.

मंदीचं वर्ष होतं. भाजीला कुणी विचारत नव्हतं, आणि आम्हा पगारदारांचेही पगार कापले गेले होते. त्या चैत्रात दोन मडकी मांडली गेली. एक पाटाचं: विहिरीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत दगडचुन्यात पाट बांधून काढायचा. दुसरं छपरीचं: वरच्या ओळीत पत्र्याची छपरी घालायची, चार बाकं टाकायची, अवजारं ठेवायची. छपरी भाऊसाहेबांची कल्पना. संध्याकाळी पत्ते कुठं कुटायचे, हा त्यांच्यापुढचा मोठाच प्रश्न होता. आणि खोटं कशाला बोलू, छपरी मलाही हवी होती. एका खोलीत राहणारा सडाफटिंग माणूस मी, मला चार मित्र घेऊन बसायला जागा नव्हती. नानांना पाट हवा होता. ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, पण त्यांनी एका माणसाला तसं सांगितलं नाही. "ज्याच्या हातात माप, त्यानं तोंड उघडायचं नाही," हाही त्यांचाच नियम.

त्या दिवशी नाना नेहमीसारखे दूर बांधावर नदीकडे तोंड करून बसले. कुणाला आपली भीड पडायला नको म्हणून. धोतराजवळ उभं राहून वाटी हातात द्यायचं काम माझ्याकडे होतं. वरची ओळ झाली, मग खालची सुरू झाली. शेवटी चाची आली. तिच्या पदरात हरभरे होते, गाठ मारलेली दिसत होती. मी वाटी दिली. धोतर वाऱ्यानं उडत होतं आणि मी उभा होतो तिथून आतलं अर्धं दिसत होतं. चाचीनं पदराची गाठ सोडली, हरभऱ्यांकडे बघितलं आणि गाठ पुन्हा मारली. मग रिकामी वाटी तिनं पाटाच्या मडक्यात पालथी धरली आणि बाहेर आवाज यावा म्हणून काठावर दोनदा आपटली. बाहेर येऊन वाटी माझ्या हातात देताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मला कळलं होतं. तेवढ्या हरभऱ्यावर चार माणसांची रात्र निघते, हे कळायला मास्तर व्हावं लागत नाही. नानांना हाक मारायला चार पावलं चालावं लागलं असतं. मी चाललो नाही. तिची अब्रू जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्याच्याखाली छपरी होती.

छपरीचं मडकं बोटभर वर निघालं. नानांनी दोन्ही मडक्यांत एकदा डोकावून पाहिलं, "बरं," म्हणाले आणि दोन्ही हंड्यात ओतली. घुगऱ्या झाल्या. चाचीनं आपला द्रोण पदराखाली झाकून घरी नेला. वैशाखात छपरी उभी राहिली आणि भाऊसाहेबांनी पहिल्याच दिवशी पत्ते आणले. नाना आमच्यात येऊन बसत. मन नाराज असेलच, पण ठरलं ते ठरलं, असा त्यांचा स्वभाव. तिथं बसून खालची ओळ वाळताना आम्हा सगळ्यांना दिसत होती. मिरची गेली, गवार गेली. चाची विहिरीवरून डोक्यावर हंडे नेऊन घाली, पण हंड्यानं कुठं मळा जगतो?

ज्येष्ठात ती छपरीशी आली आणि तुकडा सोडत असल्याचं तिनं नानांना सांगितलं. नाना एरवी कुणाला टाकून बोलत नसत. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. पाटाचं दुःख आत साठलेलं असावं. ते तिच्यावरच चिडले. "चाची, पाट हवा होता तर खालची ओळ कुठं गेली होती? तुम्हीच लोकांनी दिला नाहीत हरभरा पाटाला. आता रडून काय उपयोग?"

चाची म्हणाली, "दिलाच नाय नाना. मी नाय दिला, शेजारच्या दोघींनी बी नाय दिला. रिकामी वाटी आपटून आलो आम्ही. त्या रातीला घरात तेवढंच व्हतं."

पत्ते थांबले. नाना उभेच होते. त्यांचा चेहरा बघून चाचीलाच वाईट वाटलं असावं, कारण जाता जाता ती म्हणाली, "तुमचा काय कसूर नाना? तुम्ही तर समद्यांना एकच वाटी दिली."

तिनं ते समजूत काढायला म्हटलं होतं. पण नानांना जन्मात कुणी यापेक्षा वाईट बोललं नसेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि निकाल चुकला, पुन्हा मत घेऊ, असं सांगितलं. भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते, पण ते म्हणाले, "नाना, घुगऱ्या खाल्ल्या की विषय संपला, हा नियम तुमचाच. आणि पैसे तर पत्र्यात गेले." नानांनी कुदळ घेतली आणि त्या वयात एकट्यानं पाट खणायला लागले. मी दोन दिवस मदतीला गेलो. तिसऱ्या दिवशी शाळा आहे असं सांगितलं. मग मृग बरसला, पाटाची गरज संपली, आणि खणलेलं सगळं मातीनं भरून गेलं. चाची तोवर लेकरांना घेऊन मालेगावला भावाकडे गेली होती. तिचा तुकडा शेठजींच्या माणसानं एका कारकुनाला दिला.

दिवाळीनंतर नाना मला म्हणाले, "मालेगावला येता का मास्तर?" विहिरीजवळचा स्वतःचा तुकडा चाचीला द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. आम्ही सर्व्हिस मोटारीनं गेलो आणि विचारत विचारत घर शोधलं. मागांच्या खडखडाटात, एका अंधाऱ्या पडवीत चाची सुताच्या कांड्या भरत बसली होती. थोरली मुलगीही शेजारी तेच करत होती. चाचीनं आम्हांला चहा पाजला. नानांनी आपलं म्हणणं सांगितलं. चाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आता नाय जमायचं नाना. भावाकडनं उचल घेतलीय. पोरीचा हातबी बसलाय या कामावर." एवढं बोलून तिनं कांडी पुन्हा हातात घेतली. आम्ही उठलो.

परतताना चांदवडचा घाट लागला. बाहेर बघतच नानांनी विचारलं, "मास्तर, धोतराशी तुम्ही उभे होतात. तुम्हांला काही दिसलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं. दिसलं असतं तर तुम्हीही माझ्यासारखे जळत राहिला असतात. तुमचं वय नाही ते. हे माझ्या एकट्याचं आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

पौषात नाना गेले. शेवटच्या आठवड्यात मी रोज त्यांच्या उशाशी बसत होतो. ते शुद्धीवर असत, माझ्याशी नीट बोलत, माझ्या शाळेची चौकशी करत. खरं सांगायला मला सात संध्याकाळी मिळाल्या होत्या. निम्मा भार तरी मी उचलला असता. पण मी त्यांच्या अंगावरची शाल सारखी करत राहिलो, आणि ते सगळं एकट्याच्या माथ्यावर घेऊन गेले.