विहीणबाईंच्या ओट्यामागची काच

अनुसूयाबाईंना कुणी रंग शिकवायला गेलं की त्यांचं डोकं फिरे. फिरणारच! सिग्नलच्या दिव्यांच्या काचा करणाऱ्या कारखान्यात, तांबडं ते तांबडंच आहे ना आणि हिरवं ते हिरवंच आहे ना, हे तपासण्यात बाईंची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर चारचौघींसारखं भजनी मंडळ धरावं की नाही? छे! शहराबाहेर बोम्मसंद्र्यात पत्र्याची शेड घेतली, विजेची भट्टी बसवली आणि रंगीत काचेचे तुकडे एकावर एक रचून, वितळवून भिंतीच्या टाइल्स करायला लागल्या. गिऱ्हाइकं लांबून येत आणि बोलणी खाऊन जात. "हा जांभळा त्या केशरीच्या शेजारी? त्या घरात राहायचंय ना तुम्हाला?" असं तोंडावर विचारत बाई.

आता अशा बाईला विहिणीच्या स्वयंपाकघराचं काम मिळावं, याला काय म्हणायचं!

लेक आश्लेषा आणि जावई श्रीवत्स यांनी बेळ्ळंदूरला नवा फ्लॅट घेतला होता. श्रीवत्सची आई, मथुराबाई, त्यांच्याजवळच राहायच्या आणि ओटा सर्वस्वी त्यांचा. ओट्यामागच्या भिंतीला अनुसूयाबाईंच्याच टाइल्स लावायच्या, हे आश्लेषानं ठरवलं. कौतुक होतंच, पण त्यात मेख होती. आई एकटी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वय वाढतंय, तेव्हा तिनं भट्टी विकून आता गप आपल्याकडे राहायला यावं, असा दोघांचा लकडा चालला होता. अनुसूयाबाई म्हणत, "माझ्या हाताला आणि डोळ्याला काही झालेलं नाही. तुमच्याच भिंतीवर दाखवते." म्हणजे झालं! भिंत साधली तर भट्टी राहणार, फसली तर शेडला कुलूप.

मथुराबाईंना हवा होता मोराच्या मानेचा निळा, त्यावर हिरवी पानं आणि कडेनं पांढरी पट्टी. सोपं काम. अनुसूयाबाईंनी नमुना करून नेला.

"छान आहे हो," मथुराबाई म्हणाल्या, "पण मळकट वाटतो. स्वल्प उजळ करा ना."

उजळ केला. तर म्हणे, पानं कुठायत? दिसतच नाहीत. पानं पोपटी केली. तर म्हणे, सगळं एकच दिसतंय, निळा कुठे गेला? दर वेळी काच कापा, रचा, भट्टी लावा, ती सावकाश निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका, कारण घाई केली की काच तडकते. आणि मग ते चिरंजीव मांडीवर घेऊन रिंग रोडच्या गर्दीत बसून राहा! दुसरं कुणी असतं तर बाईंनी टाइल हातात देऊन बाहेरचा रस्ता दाखवला असता. पण मुलीची आई पडल्या. विहिणीला झापायचं कसं? "बरं, बघते हं," असं गोड म्हणून घरी यायचं आणि भांडी आपटायची.

एके दिवशी आश्लेषाचा फोन आला. आवाज अगदी हळुवार.

"आई, अहो आई म्हणतायत की पांढरी पट्टीसुद्धा पिवळट आलीय. रागवू नकोस, पण तुला नीट दिसतं ना गं हल्ली?"

पिवळट! दुधासारखी काच, आणि पिवळट! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता विहीण असो नाहीतर साक्षात देवी असो, आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं म्हणून त्यांनी सगळे नमुने पिशवीत कोंबले आणि ऑटो पकडली.

श्रीवत्स आणि आश्लेषा भाजी आणायला गेले होते. मथुराबाई ओट्यापाशी आमटी करत होत्या. अनुसूयाबाईंनी पांढरा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला.

"ही पिवळट?"

"आहेच की. बघा ना." मथुराबाईंनी तो उचलला, खिडकीशी नेला, एक डोळा मिटला, मग दुसरा. मग उगाचच बोटानं चाचपला.

अनुसूयाबाईंना शंका आली. त्यांनी पिशवीतून दोन टाइल्स काढल्या, एक निळी, एक हिरवी.

"विहीणबाई, यातली निळी कुठली?"

मथुराबाईंनी ठामपणे हिरवीवर बोट ठेवलं. लगेच बोट दुसरीवर नेलं. मग हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

"कुणाला सांगू नका," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. सगळं धुरकट, पिवळं. पण अडत नाही माझं. तेल तापलं की आवाजावरून कळतं, मीठ बोटांना कळतं."

"अय्यो, मोतीबिंदू आहे तो! सकाळी जाऊन दुपारी घरी येतात माणसं!"

"ठाऊक आहे. पण ही पोरं काय म्हणतील? धड न दिसणारी म्हातारी इतके दिवस गॅसपाशी उभी होती, म्हणतील. मी बरी होईपर्यंत स्वयंपाकाला बाई ठेवतील. आणि एकदा शिरलेली बाई बाहेर जात नाही हो. तुमची लेक गुणाची आहे. रोज म्हणते, तुम्ही बसा. बसून करू काय मी?"

"आणि माझं काय?" अनुसूयाबाईंचा आवाज चढला. "तुम्हाला दिसत नाही, आणि डोळे गेले माझे असं घरभर झालंय! माझी भट्टी विकायला निघालेत. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"कळतंय, आणि गप्प बसलात?"

"बसले," मथुराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की अनुसूयाबाईंचं पुढचं भांडण तिथेच अडलं. विहिणीवर धड संतापताही येईना, म्हणून त्या आणखी संतापल्या.

तेवढ्यात दार उघडलं. पिशव्या घेऊन दोघं आत आली. ओट्यावर मांडलेल्या टाइल्सकडे बघून श्रीवत्सनं विचारलं, "मग, काय ठरलं?"

मथुराबाईंची पळी थांबली. अनुसूयाबाईंच्या जिभेवर सगळं तयार होतं. एक वाक्य, की त्या सुटल्या असत्या.

"माझंच चुकलंय," त्या म्हणाल्या. "निळ्या-हिरव्यात घोळ होतोय माझा. रंग बिघडलेत."

आश्लेषाच्या चेहऱ्यावर आधी काळजी नाही, सुटका दिसली. ती बघून अनुसूयाबाईंना अस्सं झोंबलं! लेकीनं जवळ येऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "अगं, मग आधी का नाही बोललीस? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ या. मी रजा टाकते."

"रजाबिजा काही नको. सोबतीला विहीणबाई येतील. काय हो, याल ना? त्याच फेरीत तुमचेही तपासून घेऊ. या वयात बघून घेतलेलं बरं."

मथुराबाईंनी वर न बघता मान हलवली.

"उत्तम," श्रीवत्स म्हणाला. स्वभावानं भला मुलगा, म्हणून तर बोलायची सोय नाही. "आणि आई, तुमच्या भट्टीचं मी बघतो. एकदोघांनी विचारलंही होतं, त्यांना फोन करतो."

अनुसूयाबाईंनी पिशवी उचलली. टाइल्स एकेक करून आत ठेवायला लागल्या.

"कुणाला फोन करायचा नाही," मथुराबाई एकदम म्हणाल्या.

श्रीवत्सनं हातातली पिशवी खाली ठेवली. आईचा असा आवाज त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"माझी भिंत अजून व्हायचीय. यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात मी तिला लावू देणार नाही. भट्टी आहे तिथेच राहील." मग विहिणीकडे वळून त्या तितक्याच ठामपणे म्हणाल्या, "आणि डॉक्टरांकडून आलो ना, की हे सगळे रंग मी पुन्हा पहिल्यापासून बघणार आहे."

पुन्हा पहिल्यापासून! अनुसूयाबाईंनी कपाळावर हात मारला.