हप्ता गेल्यावर काय उरतं

वाल सोलणं हे आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम. सालीतून दाणा निसटून माझ्या मांडीवर उडाला की ही हसायची. हसता हसताच म्हणाली, "सुमीला त्या डायलिसिसच्या कोर्सला घाला. कर्ज काढा, पण घाला." त्याच आठवड्यात ही गेली.

परवा नातीला, सुमीला, घेऊन त्या कोर्सच्या कॉलेजात गेलो. टाय लावलेल्या माणसानं मशीनचे फोटो दाखवले, परदेशी गेलेल्या एका पोराचा पगार सांगितला. म्हटलं, "ते ऱ्हाऊ द्या. इथं तालुक्यात पोरीच्या हातात काय पडतं? हप्ता गेल्यावर काय उरतं?"

"बाबा, शिक्षणाकडे असं बघू नये."

मग कसं बघू? फी घेताना तर तू नोटा मोजूनच घेणार!

मी जन्मभर म्हशी पाळल्या. बाजारात धार तुंबवून फुगलेली कास दाखवतात, म्हणून दुधाचं विकणाऱ्याला विचारायचंच नसतं. पण फसलो तरी म्हैस परत विकता येते. पोरीची वर्षं कुठल्या बाजारात विकू? ही असती तर म्हणाली असती, "तुमचं आपलं सगळं म्हशीवरनं!" आता चिडायचं तरी कोणासमोर?

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसच्या खोलीबाहेर जाऊन बसलो. तिथं काम करणारी, त्याच कॉलेजात शिकलेली पोरगी बाहेर आली. विचारलं, "बाळ, कर्ज फिटलं का तुझं?"

"फिटतंय हळूहळू, आजोबा. तोवर चहा डॉक्टरांच्या पैशानं पिते."

मी तिथूनच सुमीला फोन लावला. म्हटलं, "इकडं ये. ही पोरगी काय सांगते ते तूच ऐक, आणि मग ठरव."